सराफा, छप्पन आणि कीटोचे पहिले तीन आठवडे

इंदुरात कीटो, म्हणजे कार्ब (कर्बोदकं) अगदी कमी ठेवण्याचा आहार, सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो बाहेरच्या खाण्याचा. घरात पोळी-भात बंद करणं एकवेळ जमतं. पण पाहुणे आले की सराफा, पोरांना सुट्टी लागली की छप्पन आणि कामावर जाता जाता पोहे-जिलबी, यातून या गावात सुटका नाही. म्हणून हे परीक्षण सराफा आणि छप्पन दुकान या खाण्याच्या दोन बाजारांचं आहे, जाता जाता सकाळच्या पोह्यांचंही. चवीची चर्चा इथे केलेली नाही, कारण चवीत दोन्ही बाजारांना नाव ठेवायला जागा नाही. ताटात कार्ब किती येतात, त्यातले किती टाळता येतात आणि उपासाच्या तासांशी (दिवसातले ठरावीक तास काही न खाण्याशी) या बाजारांची वेळ जुळते का, एवढंच पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. छप्पन दिवसाउजेडी जमतं, तेही एक-दोन पदार्थांपुरतं. सराफा पहिले तीन आठवडे पूर्ण बंद ठेवावा. त्याचं कारण तिथल्या मैद्या-साखरेइतकंच तिथल्या घड्याळातही आहे.

पण त्याच्याही आधी औषधांचं बोलू. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टर, मग पनीर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कार्ब एकदम तोडले तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डोस आधी कमी करावा लागतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका आणखी वेगळा आहे. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे ग्लुकोमीटरवर आकडा ठीकठाक दिसत असतानाच रक्तात आम्ल साचून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं ही त्याची लक्षणं. आकडा बरा आहे म्हणून घरी बसून राहिलं तर जिवावर बेतू शकतं. या गोळ्या चालू असताना कीटोही नको आणि लांबलचक उपासही नको. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब पहिल्या आठवड्यातच खाली येऊ शकतो, तेव्हा त्यांनीही आधी विचारावं. टाइप १ मधुमेह, गरोदरपण, अंगावर पाजणाऱ्या आया, मूत्रपिंडाचा विकार, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली माणसं, खाण्याच्या विकारातून गेलेली माणसं: यांनी हे स्वतःच्या मनाने सुरूच करू नये. हा आहार मुळात दवाखान्यातून आला आहे. १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला, आणि औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिला जातो.

आता मोजमाप. दिवसाला निव्वळ कार्ब, म्हणजे एकूण कार्बमधून फायबर वजा करून उरलेले, २० ते ३० ग्रॅम. ५० ग्रॅमपर्यंतही काहींचं शरीर कीटोसिसमध्ये, म्हणजे साखरेऐवजी चरबीपासून बनलेल्या कीटोनवर चालण्याच्या स्थितीत, राहतं, पण सुरुवातीला तेवढी सूट घेऊ नये. प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास. सत्तर किलोच्या माणसाला ती ८० ते ८५ ग्रॅम होतात. चरबी पोट भरेल इतपत. चहात चमचाभर तूप घातल्याने कीटोसिस लवकर येतो अशी एक समजूत आहे, ती सोडून द्यावी. कीटोसिस येतो तो कार्ब तोडल्याने. वजन उतरवायचं असेल तर वरून ओतलेलं तूप अंगावरची चरबी वापरू देत नाही.

शाकाहारी माणसाने २० ग्रॅमचा हट्ट धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. गणित करून पाहा. २०० ग्रॅम पनीर घेतलं तर ३६ ग्रॅम प्रथिनं आणि पाचेक ग्रॅम कार्ब. दीडशे ग्रॅम दही म्हणजे ५ ग्रॅम प्रथिनं, ७ ग्रॅम कार्ब. सोया वडी कोरडी ३० ग्रॅम घेतली की १५ ग्रॅम प्रथिनं आणि ६ कार्ब. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बदामांत ६ ग्रॅम प्रथिनं, ३ कार्ब. एवढ्यात प्रथिनं ६२ झाली आणि कार्ब २१. अजून ताटात पालक, फ्लॉवर, दुधी काहीच आलेलं नाही. अडीचशे ग्रॅम भाजी धरली की कार्ब २९-३० होतात, आणि प्रथिनं तरीही कमीच पडतात. मग पनीर किंवा टोफू आणखी १०० ग्रॅम वाढवा. अंडी चालत असतील तर तीन अंडी १८ ग्रॅम प्रथिनं देतात, दोन ग्रॅमहून कमी कार्बमध्ये. २० च्या हट्टापायी भाजी सोडली की चौथ्या दिवशी बद्धकोष्ठ, आणि दहाव्या दिवशी कीटोला रामराम.

या ताळेबंदात सकाळचे पोहे बसवून बघू. एका प्लेटीला कोरडे पोहे ६० ग्रॅमच्या आसपास लागतात, त्यात ४५ ग्रॅम कार्ब. वरची शेव १५ ग्रॅम, तिचे ६-७. दोन जिलब्या घेतल्या की आणखी पंचवीस-तीस. नऊ वाजायच्या आत तीन दिवसांचे कार्ब पोटात गेलेले असतात. (इथले आणि पुढचे सगळे प्लेटीचे आकडे कच्च्या जिनसांच्या पोषणमूल्यांवरून काढले आहेत. वाढणाऱ्याचा हात सैल तसा आकडा मोठा.)

पोह्यांना घरी पर्याय आहे आणि तो चांगला लागतो, कारण इंदुरी पोह्यांची खरी ओळख पोह्यांपेक्षा वाफ, बडीशेप आणि जिरावण (वरून भुरभुरवायचा इंदुरी मसाला) यांत आहे. दोनशे ग्रॅम फ्लॉवर जाड किसणीने किसा. मिक्सरला लावू नका, भुगा होतो आणि मग लगदा. किस सुती फडक्यात घट्ट पिळा, दोन-तीन चमचे पाणी निघालं पाहिजे. कढईत एक मोठा चमचा तेल, मोहरी, पाव चमचा बडीशेप, हिरवी मिरची, कढीपत्ता, दहा ग्रॅम शेंगदाणे, हळद. त्यावर किस घालून मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. नंतर चाळणीत काढून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर तीन मिनिटं, झाकण न ठेवता. झाकण ठेवलं की वाफेचं पाणी परत किसावरच गळतं. मीठ अगदी शेवटी. आधी घातलेलं मीठ फ्लॉवरचं पाणी काढतं, आणि लोक म्हणतात ‘भाजीसारखंच लागतं’ ते नव्वद टक्के वेळा याच कारणाने. वरून जिरावण, लिंबू, कोथिंबीर, एक मोठा चमचा ओलं खोबरं. शेव नाही. सगळं मिळून ९ ते १० ग्रॅम निव्वळ कार्ब. जिरावण चिमूटभर वापरलं तर हिशोबात धरायची गरज नाही, फक्त पाकिटावरच्या घटकांत साखर आहे का तेवढं बघून घ्या.

छप्पन

न्यू पलासियातल्या या ओळीचा कीटोवाल्याला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ती दिवसभर चालू असते. दुपारी एक-दीडला जाऊन संध्याकाळच्या आत खाणं आटोपता येतं, आणि उपासाच्या तासांना धक्का लागत नाही. दुसरा फायदा, इथे अंडं मिळतं.

अंडं खाणाऱ्यांसाठी बेंजो. तव्यावर अंड्याची पोळी, कांदा, चटणी आणि गोल पाव, एवढाच त्याचा सांगाडा. पाव बाजूला काढला की उरतं ते जवळजवळ शुद्ध कीटो: अंडं, चरबी आणि थोडा कांदा. पावाचे पंचवीसेक ग्रॅम कार्ब एका झटक्यात वजा. मागताना आधीच सांगावं, ‘भैया, पाव मत लगाना, दो अंडे अलग प्लेट में, मीठी चटनी नहीं.’ पाव लावून झाल्यावर काढायला गेलं तर चटणी पावातून अंड्यात मुरलेली असते, आणि समोर आलेला भाजका, लोणी लागलेला पाव टाकून देणं बहुतेकांच्या हातून होत नाही. न बोलता पुढे आलेला पाव हा छप्पनवरचा पहिला शत्रू समजावा. दोन बेंजोंची अंडी आणि घरून नेलेलं ताक, इतक्यात दुपारचं जेवण होतं.

चिंच-गुळाची चटणी हा दुसरा. एक मोठा चमचा गोड चटणी म्हणजे ८ ते १० ग्रॅम साखर, आणि चाटवाला एक चमचा कधी घालत नाही. हिरवी चटणी मागा. ती एक ग्रॅमच्या आसपास बसते, त्यात डाळं किंवा शेव वाटून घातलेली नसेल तर.

शाकाहाऱ्यांचं काम इथे अवघड होतं, आणि खोपरा पॅटीस नेमका तिथेच चकवतो. खोबरं कीटोत बसतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात निव्वळ कार्ब सहाच्या आसपास. मग खोबऱ्याचा पॅटीस का नको? तो फोडून पाहा. बाहेरचा तपकिरी पापुद्रा, त्याच्या आत बोटाच्या पेराएवढा जाड पांढरा थर, आणि मधोमध लिंबाएवढा खोबऱ्याचा गोळा. तो पांढरा थर उकडलेल्या बटाट्याचा असतो आणि वजनाने खोबऱ्यापेक्षा जास्त भरतो. एका पॅटीसमध्ये चाळीस ग्रॅम बटाटा धरला तरी आठ ग्रॅम कार्ब नुसते त्याचे. सारणातला सुकामेवा, कधी साखर, वरची चटणी धरून एक पॅटीस १२ ते १५ ग्रॅमवर जातो. म्हणजे शाकाहारी माणसाच्या दिवसाचा निम्मा कोटा एका घासा-दोन घासांत. सारण तेवढं खाऊन कवच टाकून देणं पैशाचं आणि अन्नाचं नुकसान आहे. त्यापेक्षा घरी सारणच करावं. ओलं खोबरं, हिरवी मिरची, आलं, जिरं, लिंबू, काजूऐवजी थोडे बदाम. पनीर हाताने मळून त्याच्या पारीत हे सारण भरायचं आणि तव्यावर तुपात शेकायचं. पारीत चमचाभर इसबगोल मिसळून दहा मिनिटं ठेवलं तर फुटत नाही. इसबगोल न घालता तळायला टाकलं की पनीर तेलात सुटतं आणि सारण कढईभर होतं.

पनीर टिक्का हा शाकाहाऱ्यांचा इथला एकमेव भरवशाचा पदार्थ. त्यातही दोन गोष्टी विचाराव्या. मॅरिनेशनमध्ये कॉर्नफ्लोअर किंवा बेसन किती आहे, आणि पनीर कुठलं आहे. बेसन शंभर ग्रॅमला ४७ ग्रॅमच्या आसपास निव्वळ कार्ब देतं, त्यामुळे जाड लेप दिसला की चार-पाच ग्रॅम अधिक धरा.

पनीराबद्दल थोडं थांबून सांगणं भाग आहे, कारण शाकाहारी कीटोचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांहून जास्त नको आणि कोरड्या भागात दुधाची चरबी निदान ५० टक्के हवी. बाजारात याशिवाय ‘अ‍ॅनालॉग’ म्हणून वनस्पती तेल घालून केलेलं पनीरसारखं काहीतरी येतं, आणि त्यात स्टार्च असू शकतो. हॉटेलात तपासता येत नाही, घरी येतं. बोटाएवढा तुकडा पाण्यात उकळून गार करा आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. पिवळट-तपकिरी डाग तसाच राहिला तर स्टार्च नाही. निळा-काळा झाला तर स्टार्च आहे. तेल घातलंय का, हे या चाचणीत कळत नाही. ते थोडंफार हातालाच कळतं: चांगलं पनीर दाबलं की चुरतं, रबरासारखं परत उसळी मारत नाही, आणि गरम तव्यावर त्याला दुधाचा वास येतो. सांचीसारख्या सहकारी दूधसंघाचं बंद पाकीट घेतलं तर निदान चरबी-प्रथिनांचे आकडे छापलेले मिळतात. मोकळ्या पनीराचा हिशोब अंदाजानेच करावा लागतो.

छप्पनवरची शिकंजी लिंबाची समजून घेऊ नका. इंदुरातली शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, साखर आणि सुकामेवा घालून घट्ट केलेलं पेय. एका ग्लासात दोन दिवस जातात. लिंबू-सोडा मागा, मीठ घालून, साखर न घालता. पहिल्या आठवड्यात तो औषधासारखा लागू पडतो.

कारण पहिला आठवडा मिठाचा असतो. यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन (शरीरातली राखीव साखर) साठवलेलं असतं. त्याच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कार्ब तोडले की हा साठा रिकामा होतो, पाणी जातं, आणि इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडं सोडियमही जास्त सोडतात. पहिल्या पाच-सहा दिवसांत दीड-दोन किलो उतरतात ते मुख्यतः हेच पाणी. डोकं दुखणं, पायात गोळे, उठताना अंधारी, चिडचिड हेही यामुळेच. लोक याला ‘कीटो मानवत नाही’ म्हणून सोडून देतात, आणि पुष्कळदा गरज असते ती अर्धा चमचा मिठाची. रक्तदाब आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर दिवसातून दोन वेळा एक पेला पातळ ताक, दर पेल्यात पाव ते अर्धा चमचा मीठ. साठ ग्रॅम दह्याचं पेलाभर ताक तीन ग्रॅमच्या आत राहतं. नारळपाण्याने पोटॅशियम मिळतं खरं, पण एका नारळात आठ-दहा ग्रॅम साखर येते, म्हणून ते पहिल्या आठवड्यात नको. पालक, बदाम, दही यांतून पोटॅशियम घ्या. एप्रिल-मेच्या इंदुरी उन्हात सुरू करत असाल तर पाणी नि मीठ दोन्ही आणखी सांभाळा. शक्य असेल तर पावसाळा लागल्यावरच सुरू करा.

सराफा

राजवाड्यामागचा हा बाजार दिवसा सोन्या-चांदीचा, आणि सराफांच्या पेढ्या बंद झाल्या की खाण्याचा. रात्री आठ-साडेआठनंतर गाड्या लागायला लागतात, खरा रंग दहानंतर चढतो, आणि गर्दी मध्यरात्र उलटून जाईपर्यंत हटत नाही. हीच वेळ उपासाला मारक आहे. रात्री साडेअकराला शेवटचा घास घेतला आणि सकाळी आठला पोहे, तर मध्ये साडेआठ तास. चौदा तासांचा खंड पाडायचा तर दुसऱ्या दिवशी दुपारी दीडपर्यंत थांबावं लागेल. आणि आदल्या रात्री गोड झालेलं असेल तर सकाळी दहालाच पोटात कालवाकालव सुरू होते.

पदार्थ पाहू. सराफा शाकाहारी आहे, म्हणून बेंजोसारखी पळवाट नाही. भुट्ट्याच्या किसाला लोक सगळ्यात सौम्य समजतात, भाजीच तर आहे म्हणून. मका शंभर ग्रॅमला १९ ग्रॅम कार्ब देतो. तो दुधात शिजतो, वर चिमूटभर साखर. एक प्लेट २५ ते ३०. गराडू हिवाळ्यातला, तळून मसाला भुरभुरवलेला, एका प्लेटीला चाळीसच्या घरात, कारण तो कंद आहे. दहीवड्याचं वाईट वाटतं. उडीद, दही, दोन्ही गोष्टी नावाला बऱ्या, पण एका वड्यात बाराएक ग्रॅम डाळीचेच, आणि इथलं दही गोडसर. एक वडा, हिरवी चटणी आणि दही निथळून, एवढं तिसऱ्या आठवड्यानंतर महिन्यातून एकदा धकून जातं. जिलेबा, मालपुवा, मावाबाटी, रबडी यांचे आकडे देण्यात अर्थ नाही. कढईतलं दूध मात्र फसवतं. बिनसाखरेचं मागितलं तरी आटलेल्या दुधात दुधाचीच साखर दाट होते: पाव लिटर साधं दूध १२ ग्रॅमचं, तेवढंच आटलेलं दूध त्याच्या दीड-दोन पट.

आणि साबुदाण्याची खिचडी. सराफ्यातली ती, बटाट्याचा कीस नि फराळी मिक्श्चर घातलेली, उपासाची म्हणून लोक मनावर दगड न ठेवता खातात. साबुदाणा कोरडा शंभर ग्रॅमला ८८ ग्रॅम कार्ब. फायबर नाही, प्रथिनं नाहीत. सत्तर ग्रॅमची प्लेट साठ ग्रॅमच्या पुढे, बटाटा धरून सत्तर. वाटीभर साखर खाल्ली तरी शरीराला फार वेगळं काही कळणार नाही.

इथे मराठी घरांतल्या उपासाचा नि कीटोच्या उपासाचा गोंधळ मुळातून सोडवायला हवा. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांत धान्य वर्ज्य असतं, कार्ब वर्ज्य नसतात. साबुदाणा, वरी, रताळं, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, बटाटा, केळं: एकूण एक पदार्थ कार्बचा. एकादशी दुप्पट खाशी, हे उगाच म्हणत नाहीत. पण उपासाच्या पदार्थांतच कीटोत बसणारे जिन्नसही आहेत, आणि त्यांचं ताट होतं. काकडीची कोशिंबीर: एक मोठी काकडी, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट, दोन चमचे ओलं खोबरं, चार चमचे घट्ट दही, वरून तूप-जिऱ्याची फोडणी, सैंधव. सगळी मिळून ८-९ ग्रॅमच्या आत. घरात पनीर उपासाला चालत असेल तर ते तुपात परतून, जिरं-मिरची घालून. ताक. मूठभर बदाम. काजू टाळा, त्यात बदामाच्या तिप्पट निव्वळ कार्ब असतात. सैंधव हे शेवटी मीठच, सोडियम तेवढंच देतं. बहुतेक सैंधवात आयोडीन मिसळलेलं नसतं, म्हणून एरवीच्या दिवसांत साधं आयोडीनयुक्त मीठ चालू ठेवा. निर्जळी उपास कीटोच्या पहिल्या महिन्यात करू नये. पाणी आणि मीठ आधीच कमी असतं; चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही.

तासांच्या उपासाचं म्हणाल तर तो कीटोबरोबर एकाच सोमवारी सुरू करणं ही आमच्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. पहिल्या आठवड्यात पाणी-मीठ उतरत असतं, भूकही जुन्या वेळांना हाका मारत असते. दोन्हींचा मारा एकदम झाला की माणूस दहाव्या दिवशी सराफ्यात उभा असतो. पहिले दोन आठवडे फक्त कार्ब सांभाळा, दिवसातून तीन वेळा जेवा. दहाव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास संध्याकाळची भूक आपोआप उतरायला लागते. ती उतरली की तास वाढवायचे. आधी रात्री साडेसातला जेवण आटोपून सकाळी साडेसातपर्यंत बारा तास. आठवड्याने न्याहारी साडेनऊला, म्हणजे चौदा. ज्यांना सोसेल त्यांनी साडेअकराला, सोळा. काळा चहा, काळी कॉफी, पाणी, मीठ घातलेलं लिंबूपाणी मध्ये चालतं. दुधाच्या एका कप चहाने पाच ग्रॅम जातात आणि खंडही मोडतो. सोळाच्या पुढे स्वतःच्या मनाने जायची गरज सुरुवातीला कुणालाच नसते. थरथर, दरदरून घाम, धडधड झाली तर उपास तिथेच सोडा आणि रक्तातली साखर मोजा.

लघवीतल्या कीटोन पट्ट्या घ्यायच्या असतील तर एकच डबी घ्या, पहिल्या तीन आठवड्यांपुरती. त्या अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हा एक कीटोन मोजतात, रक्तातलं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा दुसरा कीटोन मोजत नाहीत. महिन्याभरात शरीर कीटोन वापरायला सरावतं, लघवीत कमी पडतात आणि रंग फिका होतो. लोक त्याला कीटो मोडला समजून घाबरतात. भरपूर पाणी प्यालं तरी रंग फिकाच दिसतो. डबीचं झाकण उघडं राहिलं तर दमट हवेत पट्ट्या खराब होतात. रक्ताच्या मीटरवर ०.५ ते ३ मिलिमोल ही कीटोसिसची पातळी, पण त्या पट्ट्या महाग आहेत आणि मधुमेह नसलेल्याला रोज लागत नाहीत. त्या पैशांत स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा. बदाम ‘मूठभर’ खाणारा माणूस बहुतेक वेळा साठ ग्रॅम खातो.

सियागंजच्या बाजारातून आणायचं ते आणून ठेवा: बदाम, खोबऱ्याची वाटी, अळशी, इसबगोल. सोया वडी तर आपल्या माळव्याचीच. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदुरातच आहे. ‘कीटो’ छापलेलं गोड बिस्किट किंवा चॉकलेट घेताना घटकांच्या यादीत माल्टिटॉल दिसलं तर परत ठेवा, ते साखर बऱ्यापैकी चढवतं. स्टीव्हियाच्या पुड्यांत डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन भरलेलं असतं का तेही पाहा. एरिथ्रिटॉल चालतं.

तीन आठवड्यांनंतर सराफ्यात जायचंच असेल, आणि इंदुरात राहून कायम टाळणं शक्य नाही, तर संध्याकाळी साडेसातला घरी पनीर-भाजी भरपेट खाऊन जा. सगळ्यांबरोबर एक पदार्थ निवडा, पूर्ण खा, घास-घास सगळीकडचं नको. दुसऱ्या दिवशी काटा एक-सव्वा किलो वर दिसेल. तो ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी आहे, चरबी नाही. शिक्षा म्हणून चोवीस तास उपाशी राहू नका. दुपारचं जेवण नेहमीच्या वेळी, दिवसभराचे कार्ब नेहमीचे २०-३० ग्रॅम, दोन पेले खारं ताक, आणि संध्याकाळी पाऊण तास चालणं. दोन-तीन दिवसांत काटा जागेवर येतो.